निळ्या धुराची साक्ष

आपल्याकडील न्यायशास्त्राचा पहिला धडा गिरवणाऱ्या विद्यार्थ्याला एक डोंगर हटकून भेटतो. त्या डोंगरावर धूर दिसतो. जेथे धूर तेथे अग्नी, हे विद्यार्थ्याने घरच्या चुलीपाशी अनेकदा पाहिलेले असते. म्हणून डोंगरावर अग्नी आहे, असे त्याने अनुमान करावयाचे. हे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. पण त्याच शास्त्रकारांनी दाखविलेली दुसरी बाजू तितकीशी कोणाच्या लक्षात राहत नाही. अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, असे म्हणता येत नाही. तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा अग्नीने भरलेला असतो. त्यातून धुराची रेषही निघत नाही. धूर निघावयास अग्नीबरोबर ओले सरपण असावे लागते. तेव्हा धूर पाहिल्यावर 'अग्नी कोठे आहे' एवढे विचारून भागत नाही. 'ओले सरपण कोठून आले' हेही विचारावे लागते.

आजचा विषय या दुसऱ्या प्रश्नाचा आहे, आणि त्याचे स्थळ घाट चढणारा मालट्रक हे आहे. बोरघाटात निळसर धूर सोडीत कण्हत चढणारा ट्रक आपण सर्वांनी पाहिला आहे आणि त्याच्या मागे असताना नाकाला रुमालही लावला आहे. त्या धुरात जळत असते ते इंजिनाचे वंगण. गॅरेजात गाडी नेली की मिस्त्री सायलेन्सरकडे पाहतो, टर्बोचा नळ काढून आत बोट फिरवितो, बोटाला तेल लागते, आणि निकाल मिळतो : "टर्बो गेला." एकच गाडी असलेला मालक कर्जाचा हप्ता बाजूला ठेवून नवा टर्बो बसवितो. पुष्कळदा धूर जातो; पण पुष्कळदा महिन्याभरात तोच धूर पुन्हा दिसू लागतो. आता पैसेही गेलेले असतात आणि गाडीही उभी असते.

असे का घडते, हे समजावयाचे तर इंजिनाच्या पोटात तेल कोणकोणत्या वाटांनी फिरते आणि त्या वाटा कोणी, केव्हा व कशासाठी पाडल्या, हे पाहिले पाहिजे. प्रत्येक सुधारणेने इंजिनाला अधिक बळ दिले आणि त्याबरोबर तेलाला निसटण्याची एक नवी वाटही करून दिली, असे या इतिहासाचे थोडक्यात सार सांगता येईल.

आरंभ आउग्सबुर्गपासून करू. जर्मनीतील या शहरी रुडॉल्फ डीझेल याने १८९७ साली आपले इंजिन तज्ज्ञांच्या परीक्षेला उभे केले. इंधनातील उष्णतेपैकी सुमारे २६ टक्के भाग त्याने कामात आणून दाखविला. त्या काळच्या वाफेच्या यंत्रांना याच्या निम्म्याचीही मारामार होती. हवा इतकी दाबावयाची की ती दाबानेच तापावी, आणि तीत इंधन सोडताच ते ठिणगीवाचून पेटावे, ही त्यामागील कल्पना. इतका दाब धरून ठेवण्यासाठी पिस्टनभोवतीच्या रिंगा सिलिंडरला घट्ट चिकटून राहावयास हव्यात आणि त्या झिजू नयेत म्हणून त्यांच्यावर तेलाचा पातळ थरही हवा. थर जाड झाला तर तेल वर चढून जळणार. नाहीसा झाला तर धातू धातूला खाणार. तेलाचा धूर आणि तेलाची गरज ही अशी जन्मापासूनची जोडी आहे. डीझेल स्वतः १९१३ साली इंग्लंडला जाताना बोटीवरून नाहीसा झाला. त्याचे इंजिन रस्त्यावर धावताना त्याला पाहावयास मिळाले नाही. ते काम पुढे १९२३-२४ च्या सुमारास बेन्झ व मान या जर्मन कारखान्यांनी केले, आणि १९२७ साली बॉश कंपनीचा इंधनपंप कारखान्यातून मोठ्या संख्येने बाहेर पडू लागल्यावर डीझेलचा ट्रक ही व्यवहारातील वस्तू झाली.

तेलाच्या धुराचा प्रश्न जिवावर बेतण्याइतका गंभीर होऊ शकतो, हे मात्र त्याआधीच, पहिल्या महायुद्धात, दिसून आले होते. १५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या रणभूमीवर इंग्रजांनी पहिल्यांदा रणगाडे आणले. त्यांत डेमलरचे १०५ अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन होते. त्या इंजिनात नेहमीच्या झडपांऐवजी पिस्टनभोवती सरकणाऱ्या नळ्या होत्या. या नळ्यांना भरपूर तेल लागे, आणि त्यातले बरेचसे जळून निळ्या धुराच्या रूपाने बाहेर पडे. चिखलात दडलेला रणगाडा शत्रूला कोठे आहे हे दिसत नसे. पण त्याचा धूर दिसे. पुढच्या रणगाड्यासाठी नवे इंजिन आखण्याचे काम हॅरी रिकार्डो या तरुण इंजिनियरकडे आले, तेव्हा त्यात धुराचे बंधन मुख्य होते. रिकार्डोने धूर बाहेर पडतो तेथे काही केले नाही. तेल वर कसे चढते, हे त्याने शोधले. वरच्या पिस्टनचा भार खालच्या वेगळ्या मार्गदर्शक भागावर टाकून त्याने सिलिंडर आणि तेलाचे चेंबर यांच्यात अंतर पाडले. १५० अश्वशक्तीचे हे इंजिन १९१८ साली 'मार्क पाच' रणगाड्यात बसून लढाईवर गेले. धुराचा उपाय धुराच्या तोंडाशी नसतो, हा धडा असा शंभर वर्षांपूर्वीचा आहे.

आता टर्बोकडे वळू. इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेचा फार मोठा वाटा धुराड्यातून फुकट जातो. हे नुकसान स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या इंजिनियराला स्वस्थ बसू देईना. बाहेर जाणाऱ्या तप्त वायूने एक चक्र फिरवावे, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चक्र बसवावे, आणि त्याने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरावी. हवा अधिक, म्हणून इंधन अधिक जाळता येते. इंधन अधिक, म्हणून बळ अधिक. या कल्पनेचे पेटंट त्याने १९०५ साली घेतले. पण पहिली २० वर्षे त्याच्या पदरी बहुतेक निराशाच आली. तो ताप व तो वेग सोसणारे धातू आणि बेअरिंगे तेव्हा नव्हती. अखेर १९२०-३० या दशकाच्या मध्यास 'प्रॉइसन' आणि 'हान्झेश्टाट डान्झिग' या दोन जर्मन प्रवासी बोटींच्या डीझेल इंजिनांना टर्बो बसला, आणि त्यांची शक्ती १७५० वरून २५०० अश्वशक्तीवर गेली.

मधल्या काळात विमानांनीही हीच वाट धरली होती. उंचावर हवा विरळ होते व इंजिन धापा टाकू लागते. १९१८ साली अमेरिकेत सॅनफर्ड मॉस याने टर्बो लावलेले विमानाचे इंजिन ट्रकवर चढवून १४ हजार फुटांवरच्या पाइक्स पीक शिखरावर नेले. तळाशी सुमारे ३५० अश्वशक्ती देणारे ते इंजिन शिखरावर टर्बोवाचून २३० देई. टर्बो जोडताच ते ३५६ देऊ लागले. ट्रकच्या इंजिनाला टर्बो लावण्याचा पहिला मान सामान्यतः स्वित्झर्लंडच्याच झाउरर कारखान्याला देतात. ते साल १९३८. व्होल्व्होचा 'टायटन' ट्रक १९५४ साली टर्बोसह आला, तेव्हा त्याची शक्ती १५० वरून १८५ अश्वशक्ती झाली. इंजिन तेच, वजन जवळजवळ तेवढेच, आणि बळ जवळजवळ पावपट अधिक. मालवाहतुकीच्या धंद्यात याहून मोठे आमिष कोणते असणार?

या सुमाराची एक हकीकत धुराच्या दृष्टीने फार उद्बोधक आहे. १९५२ साली अमेरिकेतील इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत कमिन्स कंपनीने टर्बो लावलेली डीझेल मोटार उतरविली. डीझेल म्हणजे ओझ्याचा बैल, असे मानणाऱ्या प्रेक्षकांसमोर फ्रेड अगाबाशियन या चालकाने ताशी १३८ मैलांच्या सरासरीने पात्रता-फेऱ्या पुऱ्या करून आरंभरेषेवरील पहिले स्थान पटकाविले. प्रत्यक्ष शर्यतीत मात्र २०० पैकी ७१ फेऱ्या झाल्यावर गाडी काळा धूर ओकीत बाहेर पडली. इंजिन शाबूत होते. टर्बोचे हवा ओढण्याचे तोंड जमिनीलगत होते, आणि धावपट्टीवर पडलेला टायरांच्या रबराचा चुरा त्यात अडकून बसला होता. हवा कोंडली, इंधन मात्र येतच राहिले, आणि अर्धवट जळून काजळी झाले. दोष पुढच्या टोकाला आणि धूर मागच्या टोकाला, असा हा प्रकार होता.

येथे धुराचे रंग एकदा सांगून टाकणे बरे. काळा धूर म्हणजे इंधनाच्या मानाने हवा अपुरी. पांढरा धूर म्हणजे न पेटलेल्या इंधनाचे तुषार, किंवा रेडिएटरचे पाणी सिलिंडरात शिरून झालेली वाफ. निळा धूर म्हणजे वंगण. पण 'वंगण जळते आहे' याहून अधिक काही निळा रंग सांगत नाही. ते वंगण कोणत्या वाटेने आले, हे दुसऱ्या साक्षीदारांना विचारावे लागते. मिस्त्री टर्बोमध्ये बोट घालून तेल पाहतो, तेव्हा तो खोटे बोलत नसतो. फक्त एका साक्षीवर खटल्याचा निकाल देत असतो.

टर्बोच्या पोटातील रचना कळली की त्या साक्षीची किंमत कळते. ट्रकच्या टर्बोचा दांडा मिनिटाला लाख फेऱ्यांच्या घरात फिरतो. एका बाजूचे चक्र इंजिनातून येणाऱ्या तप्त वायूत, दुसऱ्या बाजूचे बाहेरच्या थंड हवेत. असा दांडा नेहमीच्या बेअरिंगात फार काळ टिकला नसता. म्हणून तो तेलाच्या थरावर तरंगत ठेवतात. त्याच्याभोवतीची बुशही तेलातच तरंगत फिरते. हे तेल इंजिनाच्या पंपाकडून दाबाने येते. परत मात्र ते केवळ आपल्या वजनाने, एका रुंद नळातून, खाली चेंबरमध्ये उतरते. आणि आता मुख्य मुद्दा : या तेलाला दोन्ही बाजूंनी रोखून धरणारे रबरी सील तेथे नसते. पिस्टनच्या रिंगेसारखी एक बारीक धातूची रिंग असते, आणि दोन्ही चक्रांच्या बाजूने आत रेटणारा हवेचा व वायूचा दाब असतो. तेल थोपविले जाते ते बरेचसे या दाबाने. घराचे दार कडीने लावण्याऐवजी वाऱ्यानेच बंद राहावे, अशी ही योजना आहे. वारा फिरला की दार उघडते. त्यात दाराचा दोष नसतो.

वारा फिरण्याचे प्रसंग चार. पहिला, एअर फिल्टर धुळीने तुंबणे. टर्बो हवा ओढतो, फिल्टर देत नाही, चक्रामागे पोकळी निर्माण होते आणि ती तेल शोषून घेते. दुसरा, परतीचा नळ चेमटणे किंवा त्यात जळक्या तेलाचा कोळसा साचणे. तेल येत राहते, उतरत नाही, आणि मग मिळेल त्या फटीने बाहेर पडते. तिसरा, चेंबरमध्येच दाब वाढणे. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की जळते वायू खाली निसटतात. गॅरेजच्या भाषेत याला 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात. ब्रीदर तुंबला तरी हेच होते. चेंबर फुगलेले असले की टर्बोचे तेल त्यात उतरू शकत नाही. चौथा, गाडी तासन्‌तास नुसतीच चालू ठेवणे. मंद इंजिनात वायूचा दाब इतका कमी असतो की रिंगेपाशी तेल झिरपू लागते. या चारही प्रसंगी टर्बोत तेल सापडते, निळा धूर निघतो, आणि टर्बो निर्दोष असतो. त्याच्या जागी नवा टर्बो बसविला तर तोही तेल टाकू लागतो.

मग खऱ्या दोषापर्यंत पोचावयाचे कसे? जाणता मिस्त्री प्रथम गाडीवानाला विचारतो : धूर केव्हा येतो? रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी चालू करताना निळा धूर येऊन थोड्या वेळात थांबत असेल, तर संशय व्हॉल्व्हच्या गाइडवर जातो. रात्रीत तेथून तेल ठिबकलेले असते. चढावर भार वाढेल तसा धूर वाढत असेल आणि ब्रीदरमधून भपकारे येत असतील, तर रिंगा व लायनर तपासावयाचे. बराच वेळ नुसती चालू ठेवलेली गाडी हलताच एकदम लोट येत असेल, तर टर्बोकडे पाहावयाचे. मग फिल्टर, ब्रीदर, परतीचा नळ आणि चेंबरमधील तेलाची पातळी. तेल प्रमाणाबाहेर भरल्यानेही धूर होतो, आणि तो नुसते तेल काढून जातो. यांतील कशालाही फारसा खर्च येत नाही.

यानंतरची परीक्षा निर्णायक आहे. इंजिन आणि टर्बो यांच्यामधला धुराचा नळ, ज्याला मॅनिफोल्ड म्हणतात, तो उघडावयाचा. तो तेलाने ओला असेल तर तेल टर्बोच्या अलीकडे, म्हणजे सिलिंडरातूनच आले आहे. टर्बो बदलून काही होणार नाही. तो कोरडा असून टर्बोच्या पलीकडची बाजू ओली असेल, तर तेल टर्बोतून आले आहे. तेथेही घाईने निकाल द्यावयाचा नाही. वर सांगितलेले चार प्रसंग निवारलेले असले पाहिजेत. शेवटी इंजिन बंद व थंड असताना दांडा हाताने हलवून पाहावयाचा. तो वरखाली किंचित हलतो, कारण तो तेलावर तरंगण्यासाठीच केलेला आहे. लांबीच्या दिशेने तो जाणवेल इतका सरकत असेल, किंवा चक्राच्या पात्या कवचाला घासल्याच्या खुणा असतील, तर मात्र टर्बो खरोखरच गेला. नदी कोठे गढूळ झाली हे पाहावयास काठाने वर चालत जावे लागते. ही रीत त्याहून वेगळी नाही.

एवढी सावधगिरी नुसत्या पैशांसाठी नाही. डीझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. दाबलेल्या हवेत जे पेटेल ते त्याचे इंधन. टर्बोतून तेल मोठ्या प्रमाणात हवेच्या वाटेने सिलिंडरात जाऊ लागले, तर इंजिन स्वतःच्याच वंगणावर धावू लागते. चावी बंद करावी तरी ते थांबत नाही. वेग वाढतच जातो, आणि हवेचे तोंड कोंडले नाही तर कित्येकदा इंजिन फुटूनच शांत होते. दुसरा धोका सावकाशीचा आहे. डीझेलच्या धुराने मनुष्याला कर्करोग होतो, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०१२ साली दिला. त्या धुरात सर्वांत अधिक काळ उभा असतो तो गॅरेजातला पोऱ्या आणि ट्रकचा क्लीनर.

आपल्या देशात हा प्रश्न उशिरा आला. टाटांनी जर्मनीच्या डेमलर-बेन्झ कंपनीच्या सहकार्याने १९५४ साली जमशेदपुरास ट्रक काढण्यास आरंभ केला. तेव्हापासून कित्येक वर्षे रस्त्यावरचे बहुसंख्य ट्रक टर्बोवाचून आपल्या दमाने हवा ओढणारे होते. पुण्यास १९६२ साली किर्लोस्कर कमिन्स कंपनी स्थापन झाली; तिची मोठी इंजिने महाराष्ट्रातील अनेक कारागिरांनी हाताळली. जमशेदपुरास १९९३ साली टाटा व कमिन्स यांची संयुक्त कंपनी निघाली, आणि २००० सालापासून धुराची 'भारत' मानके एकामागून एक लागू झाली, तसतसा टर्बो साध्या ट्रकचा नित्याचा भाग झाला. मिस्त्रींची विद्या मात्र जुन्या इंजिनावर घडलेली होती. गाडी थांबविताना शेवटची रेस देऊन चावी फिरविण्याची सवय जुन्या इंजिनात खपून गेली. टर्बोला ती मारक ठरली. पंप थांबतो, दांडा मात्र फिरतच राहतो, आणि तापलेल्या घरात अडकलेल्या तेलाचा कोळसा होतो. तोच कोळसा पुढे परतीचा नळ तुंबवितो. घाट चढून आल्यावर दोन-तीन मिनिटे इंजिन मंद चालू ठेवून मग बंद करणे, हा त्यावरचा बिनखर्ची उपाय.

आणि आता या कथेला नवे वळण लागले आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर 'भारत सहा' मानके लागू झाली. या मानकांच्या ट्रकच्या धुराड्यात काजळी अडविणारी चिनी मातीसारखी गाळणी बसविलेली असते. साचलेली काजळी इंजिन वेळोवेळी जाळून टाकते. पण वंगणातील कॅल्शियम, जस्त यांसारख्या द्रव्यांची राख जळत नाही. ती गाळणीतच साचते व हळूहळू तिला बुजविते. थोडेथोडे तेल जळत असेल तर त्याचा निळा धूर आता बाहेर सहसा दिसतच नाही. रस्त्यावरच्या माणसाच्या छातीला हे वरदान आहे, यात शंका नाही. परंतु इतकी वर्षे ओरडून सांगणारा साक्षीदार गप्प झाला, हेही तितकेच खरे. गाळणी तुंबल्याचा दिवा लागतो, महागडी गाळणी साफ होते किंवा बदलली जाते, आणि तेलाची चोरवाट तशीच उघडी राहते. 'टर्बो गेला' या जुन्या निकालाच्या जागी 'गाळणी गेली' हा नवा निकाल येऊ पाहत आहे.

न्यायशास्त्राने सांगितलेला तापल्या लोखंडाचा गोळा तो हाच. आत अग्नी आहे, सरपणही ओले आहे, आणि धूर मात्र दिसत नाही. अशा वेळी साक्ष धुराड्यात न शोधता तेल मोजण्याच्या काठीवर शोधावी लागेल : किती किलोमीटरमागे किती तेल घालावे लागले, याची वहीत रोजची नोंद. ज्या ड्रायव्हरच्या वहीत हा आकडा लिहिलेला असेल, त्याच्या गाडीचा दोष सापडावयास वेळ लागणार नाही. आणि ज्या मिस्त्रीने तो आकडा विचारल्यावाचून पान्याला हात लावला नाही, त्याच्याकडे त्या ड्रायव्हरने खुशाल गाडी सोपवून यावे.